सांबऱ्याहून मुंबई, बेंगळूर, पुणे, दिल्ली : हवाई अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून कुठलं शहर किती लांब आणि तिकिटावर छापलेली वेळ कितपत धरायची, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल भागातून सतत विचारलं जातं. खाली दिलेली हवाई अंतरं एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत मोजलेली आहेत. दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे धरून चाला.

बेळगाव ते मुंबई हवाई अंतर किती?

सुमारे ४०४ किलोमीटर. साध्या मैलांत २५१ आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत २१८. वेगवेगळ्या साइटवर हे तिन्ही आकडे दिसतात आणि लोक गोंधळतात, पण अंतर एकच आहे. काही साइट विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरतात, तिथे आणखी थोडा फरक पडतो.

नकाशावर सांबऱ्यापासून सांताक्रूझपर्यंत पट्टी ठेवा. रेघ जवळजवळ पन्हाळ्यावरून जाते, मग कोयनेच्या शिवसागराजवळून, आणि रायगड उजव्या हाताला ठेवून कोकणात उतरते. विमान या रेघेवरून तंतोतंत जात नाही, त्याला ठरलेल्या हवाई मार्गाने जावं लागतं. तरी आभाळ मोकळं असलं तर घाटमाथा खाली दिसतोच. मुंबईला जाताना डावीकडची खिडकी घेतली तर कोकण आणि समुद्र त्या बाजूला येतो आणि सकाळचं ऊन तोंडावर येत नाही.

रस्त्याने हेच अंतर पाचशे किलोमीटरच्या जवळ जातं, कारण महामार्ग सह्याद्रीच्या अलीकडून पुण्यापर्यंत जातो आणि तिथून मुंबईकडे वळतो.

मग विमानाला वेळ किती लागतो?

विमान कुठलं, यावर आहे. सांबऱ्याला मुख्यतः दोन जातींची विमानं ये-जा करत आली आहेत. एक एम्ब्राएर बनावटीचं लहान जेट. दुसरं पंख्याचं एटीआर-७२. जेट ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं, एटीआर पाचशेच्या आसपास. त्यामुळे मुंबईसाठी जेट प्रत्यक्ष हवेत पाऊण-एक तास असतं आणि तिकिटावर तास ते सव्वा तास छापलेला असतो. एटीआर असेल तर सव्वा ते दीड तास धरा.

पंखे दिसले की काही जण घाबरतात, जुनं विमान आहे म्हणतात. तसं काही नाही. तीन-चारशे किलोमीटरच्या टप्प्याला एटीआरला जेटपेक्षा कमी इंधन लागतं आणि आखूड धावपट्टीही पुरते, म्हणून लहान शहरांना तेच परवडतं. जेट फार आधी पोहोचतं असंही नाही, कारण एवढ्याशा अंतरात ते वर चढेपर्यंत खाली उतरायची वेळ येते.

एका साइटवर ५० मिनिटं, दुसऱ्या साइटवर सव्वा तास. खरं कुठलं?

दोन्ही. मोजणी वेगळी आहे.

अंतर-वेळ सांगणाऱ्या बहुतेक साइट गणित करतात : अंतराला ताशी आठशे-नऊशे किलोमीटरने भागायचं आणि चढ-उताराचे म्हणून अर्धा तास मिळवायचा. बेळगाव-मुंबईला हे उत्तर तासाभराच्या जवळ येतं. काही जण तो अर्धा तासही मिळवत नाहीत. आणि एटीआरला हा वेगच लागू नाही, म्हणून तिथे गणित साफ चुकतं.

विमान कंपनी छापते तो ‘ब्लॉक टाइम’. सांबऱ्याला चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं, की घड्याळ सुरू. मुंबईला ठरलेल्या जागी उभं राहून पुन्हा ठोकळे लागले, की बंद. मधे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, उड्डाणाची परवानगी, प्रत्यक्ष उड्डाण, उतरल्यावर पुन्हा रांगत जाणं हे सगळं त्यात येतं. सांबऱ्याला जमिनीवरचा हा वेळ पाच-सात मिनिटांत आटोपतो. मुंबईला उतरल्यावर जागा मिळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटंही जातात. प्रवासाचा बेत ब्लॉक टाइमवरच आखा, बाकीचे आकडे सोडून द्या.

मुंबई खाली दिसते तरी विमान घिरट्या का घालतं?

मुंबईच्या जुन्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असा एका धावपट्टीवर चालतो, म्हणून विमानांना वरच थांबवून ठेवतात. कंपन्यांना हे ठाऊक असतं आणि त्या वेळापत्रकात आधीच दहा-वीस मिनिटं जादा घालून ठेवतात. कधी घिरट्या घालाव्या लागल्या नाहीत तर विमान ‘वेळेआधी’ पोहोचतं आणि हवाईसुंदरी ते कौतुकाने जाहीर करते.

बेंगळूर किती लांब?

देवनहळ्ळीचा केंपेगौडा विमानतळ सांबऱ्यापासून सुमारे ४४५ किलोमीटर. म्हणजे हवेतून बेंगळूर आपल्याला मुंबईपेक्षा चाळीसेक किलोमीटर लांब आहे. सीमाभागातल्या पुष्कळ जणांना हे ऐकून नवल वाटतं. वेळ जेटने तासाभराचा, एटीआरने सव्वा ते दीड तासाचा.

रस्त्याने मात्र दोन्ही शहरं जवळजवळ सारखीच पडतात, कारण बेंगळूरचा महामार्ग धारवाड-हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग असा बराच सरळ जातो आणि हवाई रेघही साधारण त्याच पट्ट्यावरून जाते. मुंबईच्या रस्त्यासारखा मोठा वळसा तिथे नाही.

देवनहळ्ळी शहराच्या उत्तरेला तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे, हे विसरू नका. जयनगरला किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं असेल तर खालच्या रस्त्यावर विमानाहून जास्त वेळ जाऊ शकतो.

पुणे, हैदराबाद, दिल्ली?

पुणे (लोहगाव) ३१२ किलोमीटर, हैदराबाद (शमशाबाद) ४३४, दिल्ली १,४३५. पुण्याला तास-सव्वा तास, हैदराबादला एटीआरने सव्वा-दीड तास, दिल्लीला मोठ्या जेटने अडीच तासांच्या आसपास. विमान थेट असेल तर. मुंबई किंवा बेंगळूरला बदलून दिल्ली गाठायची म्हटली की पाच-सहा तास सहज जातात, आणि बेंगळूरमार्गे गेलात तर आधी उलट्या दिशेला साडेचारशे किलोमीटर जाऊन मग उत्तरेकडे वळायचं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे आणि घरोघरच्या जवानांमुळे दिल्लीची चौकशी इथे कायम असते. सुट्टीवर येणाऱ्याने शक्यतो थेट विमान पाहावं, नाहीतर मुंबईमार्गे यावं.

जायला आणि यायला वेळ वेगळा का लागतो?

मुख्य कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असला तर पूर्वेकडे जाणाऱ्याला ढकल मिळते आणि परतताना तोच आडवा येतो. आपल्या तासाभराच्या उड्डाणात फरक पाच-दहा मिनिटांचा. दिल्ली आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा जाता-येता दोन्ही वेळा बाजूनेच लागतो. उरलेला फरक उतरण्याच्या विमानतळावरच्या गर्दीचा : मुंबईला जाताना वेळापत्रकात जास्त मिनिटं दिसतात, सांबऱ्याला येताना कमी.

पावसाळ्यात विमान येतं का?

येतं, पण जून ते ऑगस्ट थोडी सवड ठेवून बेत करा. नुसत्या पावसाचं विमानाला विशेष काही नसतं. अडचण खाली उतरलेल्या ढगांची असते : ठरावीक उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर वैमानिकाला पुन्हा वर जावंच लागतं. मग थोडा वेळ वाट पाहायची, नाहीतर दुसऱ्या विमानतळावर उतरायचं. मुंबईत दुपारी परीक्षा, मुलाखत किंवा दवाखान्याची वेळ असेल तर जुलैत त्याच सकाळचं विमान धरू नका. आदल्या रात्रीच्या बसने जा किंवा आदल्या दिवशीचं विमान घ्या.

मी निपाणीचा. मला सांबरा जवळ की कोल्हापूर?

कोल्हापूर. उजळाईवाडीचा विमानतळ महामार्गालगत, शहराच्या अलीकडेच आहे. निपाणीहून तिथे साधारण चाळीस किलोमीटर पडतात, सांबऱ्याला त्याच्या दुप्पट. शिवाय कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर ३०९ किलोमीटरच आहे.

बाकी तालुक्यांचं असं. कागवाड, अथणी, रायबागकरांनाही कोल्हापूरच बरं. चिकोडी अधेमधे आहे, तिथून ज्या विमानाची वेळ जुळेल ते घ्यावं. संकेश्वर, हुक्केरी, गोकाक, बैलहोंगल, खानापूर यांना सांबरा. कित्तूर, सौंदत्ती, रामदुर्गच्या लोकांनी हुबळीचंही तिकीट पाहावं. सांबरा आणि हुबळी यांच्यात सरळ रेषेत पंचाहत्तर किलोमीटरच आहेत आणि हुबळीहून कधी कधी अशी विमानं असतात जी आपल्याकडे नसतात.

गोव्याचा मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून बेळगाव-खानापूरचे लोक तिकडेही वळले आहेत. सरळ रेषेत सांबऱ्यापासून ८२ किलोमीटर, गोव्याचा जुना दाभोळी विमानतळ १००. पण तो आकडा पक्ष्यांच्या कामाचा. आपल्याला चोर्ला किंवा दुसरा एखादा घाट उतरायचा आहे आणि त्यात अडीच-तीन तास जातात. लांबच्या शहराचं थेट विमान आणि स्वस्त तिकीट मिळत असेल तर मोपा परवडतो. मुंबईसाठी मोपाला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि पावसाळ्यात घाटाचा भरवसा नाही.

विमानतळ सांबऱ्यालाच का?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाने प्रशिक्षणासाठी तो तिथे बांधला. शेजारी आजही भारतीय हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. सध्याची टर्मिनल इमारत सप्टेंबर २०१७ ची, धावपट्टी २,३०० मीटर लांबीची. नव्या, मोठ्या टर्मिनलची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली.

घरातून किती आधी निघायचं?

बेळगाव शहरापासून सांबरा दहा किलोमीटर, बागलकोट रोडवर. गांधीनगर, निलजी, मुतगे करत जायचं. रस्ता मोकळा असला तर वीस-पंचवीस मिनिटं. मध्यवर्ती बसस्थानकावरून सांबऱ्याकडे जाणाऱ्या बस आहेत, पण सामान असेल तर रिक्षा किंवा टॅक्सी बरी. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

टिळकवाडी, अनगोळ, शहापूरकडून येणाऱ्यांनी पंधरा मिनिटं जादा धरावीत. रेल्वे गेट पडलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. फाटक चुकवायचं असेल तर कपिलेश्वर उड्डाणपूल किंवा गोगटे सर्कलच्या पुलावरून या.

बहुतेक कंपन्यांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. सांबरा छोटा आहे, दाराशी उतरल्यापासून सुरक्षा तपासणी संपेपर्यंत अर्धा तास पुष्कळ, म्हणून लोक निवांत येतात आणि काउंटर बंद झालेला पाहून वाद घालतात. सव्वा ते दीड तास आधी पोहोचा. बेंगळूरहून परत येताना मात्र दोन तासांच्या खाली जाऊ नका.

सगळा हिशोब धरला तर विमान, रेल्वे की बस?

टिळकवाडी ते दादर असा हिशोब करू. घर ते सांबरा पाऊण तास, विमानतळावर दीड तास, ब्लॉक टाइम तास-सव्वा तास, मुंबईला बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत पाऊण तास, सांताक्रूझहून दादर आणखी तास. पाच तास झाले. आकाशात त्यातला एक तासही जेमतेम जातो. रात्रीच्या बसला दहा-बारा तास लागतात, म्हणजे कागदावर विमान सहा तास वाचवतं. पण बसचे ते तास झोपेतले असतात. रात्री आठ-नऊला बसून सकाळी मुंबईत उतरलात तर दिवस अख्खा हातात राहतो. दुपारच्या विमानाने गेलात तर सकाळ तयारीत आणि दुपार प्रवासात जाते.

म्हणून माझं मत असं : मुंबईला सकाळचं विमान मिळत असेल आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी परतायचं असेल तर विमान. वयस्कर माणसाला किंवा पेशंटला उपचारासाठी न्यायचं असेल तरी विमान, पैशाकडे पाहू नका. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. एरवी बस.

पुण्याला विमानाने जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही. बेळगाव-पुणे रस्ता साडेतीनशे किलोमीटरच्या आतला, आणि सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस बेळगाववरून जाते. घर ते घर वेळ धरला तर विमान फार तर दोन-अडीच तास वाचवेल.

बेंगळूरला निवड खरी कठीण. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून थेट वंदे भारत आहे, पण तिला साडेआठ तासांच्या आसपास लागतात आणि तेही दिवसाचे. रात्रीची रेल्वे किंवा बस, नाहीतर विमान, या दोन्हीच मार्गांत दिवस वाया जात नाही.

थेट विमान सुरू होतं आणि मधेच बंद होतं. असं का?

याचं उत्तर बरंचसं ‘उडान’ योजनेत आहे. ही योजना २०१६ मध्ये जाहीर झाली. लहान शहरांच्या मार्गावर काही आसनं स्वस्त दरात द्यायची आणि कंपनीची तूट सरकारने तीन वर्षं भरून द्यायची, अशी मांडणी. २०१८ मध्ये सांबऱ्याची विमानं हुबळीकडे वळली आणि इथे सामसूम झाली होती. २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला एकदम पुष्कळ मार्ग मिळाले आणि चित्र पालटलं. तीन वर्षं सरली, अनुदान संपलं, तसे ज्या मार्गावर प्रवासी पुरेसे नव्हते ते बंद पडत गेले. हुबळी आणि कोल्हापूर दोन्ही शंभर किलोमीटरच्या आत असल्याने आपले प्रवासी तीन ठिकाणी वाटले जातात, हेही आहेच.

शिवाय देशभरात वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं : उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. त्या तारखांच्या पलीकडचं तिकीट आधीच काढलं असेल तर वेळ बदलली नाही ना, ते पुन्हा पाहा.

डिसेंबरात बेंगळूरची तिकिटं एवढी महाग का?

हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असतं. आमदार, अधिकारी, त्यांचे कर्मचारी, पत्रकार, सगळे त्याच दोन-चार विमानांत. तारखा जाहीर झाल्या की लगेच तिकीट काढा, नाहीतर हुबळीहून जा.

विमानाला उशीर झाला किंवा रद्द झालं तर काय मिळतं?

इथेही तो ब्लॉक टाइमच कामी येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं. सांबऱ्याची जवळपास सगळी उड्डाणं यात येतात. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.

वेळेत न कळवता रद्द केलं तर नुकसानभरपाई आहे : एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून मोठ्याला १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन-आकार, यातलं जे कमी असेल ते. खराब हवामान कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही, परतावा मात्र मिळतो. काउंटरवर आरडाओरडा करून काही साधत नाही. रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा आणि लेखी मागणी करा.

मुंबईचं तिकीट काढताना कुठला विमानतळ बघायचा?

आता दोन आहेत. जुन्याचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नवी मुंबईहून प्रवासी विमानं डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. सांबऱ्यापासून ती जागा सुमारे ३८५ किलोमीटर, म्हणजे थोडी जवळच. पनवेल, वाशी, ठाण्याला जाणाऱ्याच्या सोयीची. पण पुढे जुन्या विमानतळावरून, म्हणजे सहारहून, दुबईचं विमान धरायचं असेल आणि तुम्ही नवी मुंबईला उतरलात, तर मधे चाळीसेक किलोमीटरचा मुंबईचा रस्ता आहे. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. अशा वेळी मधे निदान पाच-सहा तास ठेवा.

बेळगावचा कोड कुठला?

आयएक्सजी. शहराचं नाव तीन प्रकारे लिहून शोधण्यापेक्षा हा कोड टाका.

कुंदा, मांडे, संकेश्वरी मिरची नेता येते का?

कुंदा आणि करदंट खुशाल न्या, हातातल्या बॅगेतही चालतात. मांडे नेताना डबा कडक घ्या, मऊ पिशवीतले मांडे मुंबईला चुरा होऊनच पोहोचतात. संकेश्वरी मिरची, चटणी, लोणचं हातात ठेवू नका; घट्ट बांधून चेक-इन बॅगेत टाका. तिथे साधारण १५ किलोची मर्यादा असते, हातातल्या बॅगेला ७ किलोची. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलकट असल्याने पेट घेण्याचा धोका असतो. गावाकडून डबा भरून देणाऱ्या आजींना हे आधीच सांगून ठेवा. पॉवर बँकही तिथे चालत नाही : ती हातातल्या बॅगेतच हवी. चेक-इन बॅगेत राहिली तर तुम्हाला परत बोलावून बॅग उघडायला लावतात.